समुद्रातलं चेन्नई

म्हैसूरला जाऊन आले म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: राजवाडा पाहिलात का? नाही पाहिला. बरं, वृंदावन उद्यान? तेही नाही. मग एवढ्या लांब जाऊन केलंत तरी काय? भांडले. ऐन संक्रांतीत, तोंडात तीळगूळ असताना भांडले. ज्यांना राजवाड्याच्या रोषणाईचं वर्णन वाचायचं असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. मी जे पाहिलं ते सांगते, आणि ते सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या.

मी तासगावच्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. म्हणजे शिकवू दिला जातो तेवढा शिकवते. परीक्षा जवळ आली की माझे तास गणिताकडे जातात, स्नेहसंमेलन आलं की नाचाच्या तालमीला जातात, आणि कुणी पाहुणे आले तर सतरंज्या घालायला भूगोलाचाच वर्ग रिकामा सापडतो. दहावीच्या पुस्तकात आम्ही भारताबरोबर ब्राझील शिकवतो. पोरांना ॲमेझॉन पाठ असते, आणि गावाजवळून वाहणारी येरळा कुठे उगम पावते ते विचारलं की सगळे खिडकीबाहेर बघतात. तेव्हा म्हैसूरला जाताना मी काही थंड डोक्याने निघाले नव्हते.

येलवाल

सुनंदा माझी मावसबहीण. लग्न होऊन म्हैसूरला गेली ती पुरती तिथलीच झाली. सासरचे लोक मराठे, पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या फौजेत शिपाई होते. घरात अजून मराठी बोलतात, पण वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये कुठेतरी उतरतं. नवरा प्रतापराव बेळगोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर. यंत्राचे सुटे भाग बाहेर पडण्याआधी मापात आहेत की नाहीत हे त्यांच्या हाताखालची माणसं तपासतात. घर येलवालला, हुणसूर रस्त्याला लागून. एकुलती एक मुलगी रेणुका, दहावीत.

मी पोचले तेव्हा घरात अवरेकाळूचा ढीग पडला होता. हे आपल्या पावट्याचंच भावंड, जानेवारीत म्हैसुरात घरोघरी हेच. आपण पावट्याची उसळ सालीसकट करून मोकळे होतो. हे लोक दाणे भिजत घालतात आणि चिमटीत धरून एकेक दाणा सालीतून उडवतात. एका आमटीसाठी घरातल्या सगळ्यांनी बसायचं. मलाही बसवलं. दोन दाणे सुनंदाच्या चष्म्यावर उडाले, पण जमलं. सोललेल्या डाळीची ती आमटी भातावर घेतली आणि मला प्रवासाचा शीण आठवेना. म्हैसूरबद्दल गोड बोलायचं असेल तर ते मी इथेच बोलून घेते, कारण पुढे संधी नाही.

दाणे सोलता सोलताच विषय निघाला.

"अक्का, तुम्हाला मुद्दाम बोलावलं," प्रतापराव म्हणाले. माणूस साधा, आवाज मऊ, आणि आपल्या 'ना'च्या जागी कन्नड 'अल्ला'. "आमची रेणु टेन्थनंतर आर्ट्स घेती म्हणती. भूगोल पायजे म्हणे. तुम्ही टीचर अल्ला, स्वल्प समजावा तिला."

"काय समजावू?"

"हेच, त्यात काय नाही म्हणून. सायन्स घेतलं तर काय तरी होईल. ते भूगोल शिकून शेवटी काय, टीचरच होणार अल्ला?"

सुनंदाने त्यांना कोपराने ढोसलं. त्यांना ते कशासाठी हे कळलं नाही. तेच मला जास्त लागलं. टोमणा असता तर मी परतवला असता, पण हा माणूस मनापासून बोलत होता.

"मी कुठला विषय शिकवते, माहीत आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"सोशल की काय."

"भूगोल."

मग प्रतापरावांचा चेहरा उजळला. "हौदा? असं काय? मग तर बरंच झालं. तुम्ही सांगितलं तर पटंल तिला. तुम्हाला अनुभव हाय."

मी हातातला दाणा इतक्या जोरात दाबला की तो भिंतीवर जाऊन आपटला.

त्यांची आणखी एक तक्रार होती, आणि त्यांच्या मते तीच खरी. शाळेची पहिली प्रिपरेटरी, म्हणजे आपली पूर्वपरीक्षा, नुकतीच झाली होती. नकाशाच्या प्रश्नात रेणुकाचं सगळं चुकलं होतं. "भूगोल पायजे म्हणती आणि मॅपमध्ये सुन्न," प्रतापराव म्हणाले. सुन्न म्हणजे शून्य. "सगळ्या क्लासचं बरोबर, हिचं एकटीचं तप्पु. सर किती वर्षं शिकवत्यात, ते चुकतील काय?"

रेणुका दारात उभी होती. ती आत गेली आणि पेपर घेऊन आली, पण बापाला न देता तो माझ्या हातात दिला. मी नकाशा पाहिला. चेन्नई किनाऱ्यावर, जिथे असायला हवं तिथे. मुंबई बरोबर. विशाखापट्टणम बरोबर. कोची बरोबर. प्रत्येकावर लाल फुली. मी चष्मा पुसला आणि परत पाहिलं.

"मावशी, माझं बरोबर हाय ना?" तिने विचारलं.

"सगळं बरोबर आहे."

ती माझ्याकडे नाही, बापाकडे बघत होती. बाप दाणे सोलत होता. "तुम्ही मावशी म्हणून बोलता अक्का," तो म्हणाला.

गच्ची

समजवायला म्हणून मी तिला गच्चीवर नेलं. लांब धुरकट चामुंडीची टेकडी दिसत होती. पश्चिमेच्या कठड्यावर खडूच्या खुणा होत्या, ओळीने, काही पावसाने पुसट झालेल्या, काही ताज्या. मी विचारलं, हे काय. सूर्य मावळताना ती एकाच जागी उभी राहते आणि तो कुठे टेकला तिथे खूण करते. पावसाळ्यापासून सूर्य डावीकडे सरकत सरकत शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेला होता आणि आता परत फिरला होता.

"कुणी सांगितलं करायला?"

"कोण नाही. सुम्मने, उगीच केलं."

माझ्या वर्गात मी उत्तरायण शिकवते तेव्हा फळ्यावर वर्तुळ काढते आणि पोरं ते वर्तुळ उतरवून घेतात. इथे एका पोरीने कठड्यावर उत्तरायण पकडून ठेवलं होतं, आणि खाली तिचा बाप मला सांगत होता की हिला यातलं कळत नाही.

मग तिने नकाशाची गोष्ट सांगितली. त्यांचे सर नकाशा बोटांनी शिकवतात. म्हणजे कसा? पुस्तकातला कोरा नकाशा समोर ठेवायचा, डाव्या चौकटीला बोटं टेकवायची आणि मोजायची. डावीकडून इतकी बोटं, खालून इतकी बोटं, ठिपका द्या, लिहा चेन्नई. इतकी बोटं आणि इतकी बोटं, ठिपका द्या, लिहा मुंबई. समुद्र कुठला, किनारा कुठला, बघायची गरजच नाही. वर्गात सगळे एका तालात बोटं मोजतात. दरवर्षी सगळ्यांना पैकीच्या पैकी. रेणुका मात्र आधी किनारा बघायची, नद्यांची मुखं शोधायची, मग ठिपका द्यायची. सर म्हणायचे, वेळ घालवतेस.

"ह्या टायमाला पेपरात मॅप लहान छापला, मावशी. एका पानावर बसवायला. बोटं तर तेवढीच अल्ला?"

मी तिच्या प्रश्नपत्रिकेतल्या त्या लहान नकाशावर सरांच्या हिशोबाने बोटं ठेवली. मुंबई थेट मराठवाड्यात गेली. चेन्नई किनारा ओलांडून बंगालच्या उपसागरात जाऊन पडलं, चांगलं आत, जिथे मासेमारी करणारेही विचार करून जातात.

"मग वर्गाचं बरोबर कसं आलं?"

"ते गोत्तिल्ला," ती म्हणाली. "तेच कळत नाही."

मी खाली येऊन सुनंदाला सांगितलं, उद्या शाळेत जायचं.

शाळा

शाळेचं नाव लिहीत नाही. अशा शाळा आपल्याकडेही पायलीला पन्नास आहेत, तेव्हा एकीवर कशाला. सामाजिक शास्त्रांचे सर आणि मुख्याध्यापिका बोलत होते कन्नड आणि इंग्रजीत, सुनंदा मला मराठीत सांगत होती. मी इथे सगळं मराठीतच लिहिते.

सर खलनायक असतील अशी माझी फार इच्छा होती. नव्हते. दमलेला, सभ्य माणूस. "मॅडम, इतिहास, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, सगळं मी एकटा बघतो," ते म्हणाले. "नकाशाचे मार्क हुकमी असतात. कच्ची मुलं त्यावरच तरतात. बोटांची पद्धत माझी स्वतःची आहे, दुसऱ्या शाळांनीही उचलली." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

मी म्हटलं, तपासता कसे, ते दाखवा. त्यांनी कपाटातून एक ट्रेसिंग पेपर काढला. पुस्तकातल्या नकाशावरून बनवलेला, बरोबर जागांवर ठिपके दिलेला. तो उत्तरपत्रिकेतल्या नकाशावर खालच्या डाव्या कोपऱ्याला कोपरा लावून ठेवायचा. ठिपक्यावर ठिपका बसला की बरोबर. एका मुलाचा पेपर घेऊन त्यांनी माझ्यासमोर ठेवून दाखवला. ठिपक्यावर ठिपका बसला.

"बघा," ते म्हणाले.

"हे कुठलं शहर?"

"चेन्नई."

"आता तो कागद उचला."

त्यांनी उचलला. खाली निळ्या शाईचा ठिपका होता, आणि त्याच्या चारी बाजूंना बंगालचा उपसागर. सर बघत राहिले. मग त्यांनी दुसरा पेपर काढला, तिसरा काढला. सगळ्या वर्गाचं चेन्नई समुद्रात, आणि सगळ्यांवर लाल बरोबरची खूण. मापायचा कागद मोठ्या नकाशाचा, बोटं मोठ्या नकाशाची, म्हणून दोघांचं झकास जुळलं. नकाशा तेवढा कुणी पाहिला नव्हता. किनारा ज्या एका मुलीने पाहिला तिला शून्य.

"छपाईची चूक," सर म्हणाले.

"छपाईची? सर, समुद्रात शहर आहे आणि तुम्ही त्याला मार्क दिलेत. वर्गात एकालाही वाटलं नाही की इथे पाणी आहे. तुम्ही त्यांना काय शिकवलंत?" माझा आवाज व्हरांड्यात गेला असावा, कारण शिपाई डोकावून गेला. सुनंदाने हे भाषांतर जरा सौम्य केलं असणार. मला कन्नड येत नाही, पण सौम्य केलेलं कळतं.

मुख्याध्यापिका हुशार बाई होत्या. त्यांनी सरांना गप्प केलं, मला बसायला सांगितलं आणि तिथल्या तिथे न्याय केला. नकाशाच्या प्रश्नात सगळ्यांना पूर्ण गुण. "कुणावरही अन्याय नको," त्या म्हणाल्या. "बोर्डाचा नकाशा पुस्तकाएवढाच येतो, त्यामुळे काळजीचं काही नाही."

"म्हणजे पद्धत तीच ठेवणार?"

"निकाल चांगला लागतो ना, मॅडम."

आणि त्यांनी माझ्या हातात एळ्ळु-बेल्लची पुडी ठेवली. आपण तीळगूळ देतो, हे लोक तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, डाळं सगळं एकत्र करून देतात, आणि म्हणतात तेच जे आपण म्हणतो: हे खा आणि चांगलं बोला. मी ती पुडी घेतली आणि काहीही बोलले नाही. चांगलं बोलण्यासारखं माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं.

रेणुका फाटकाशी थांबली होती. तिला सांगितलं, पूर्ण मार्क मिळाले.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"समुद्रातल्यांना पण?"

"हो."

ती मान हलवून आमच्या पुढे चालायला लागली. मला वाटलं होतं ती खूश होईल. आपण जिंकून आलो असं मी घटकाभर समजत होते, इतकी मी मूर्ख. पोरीचं जे एक खरं होतं ते मी खोट्यांच्या रांगेत उभं करून परत आणलं होतं.

संध्याकाळी मी प्रतापरावांना ते कागद ठेवून तपासण्याचं सांगायला लागले, पण त्यांनी सुनंदाने सांगितलेला निकाल तेवढा ऐकला. ते म्हणाले, "आयितु, झालं तर. सगळ्यांनाच फुल्ल मार्क असतील तर त्यात एवढं काय हाय? कुणाला पण येतंय ते. सायन्स घे बाळ." आणि रेणुका म्हणाली, "घेते अप्पा."

संगम

संक्रांतीच्या दिवशी हे लोक नरसीपूरच्या संगमावर जातात. कावेरी आणि कपिला तिथे मिळतात. पलीकडे सोसले, जुन्या मठाचं गाव. प्रतापरावांनी गाडी काढली. वाटेत ऊस, भात, आणि दर गावात शिंगं रंगवलेली, अंगावर झूल घातलेली जनावरं. संध्याकाळी परतताना पाहिलं, पेटवलेल्या पेंढ्यावरून बैल उड्या मारत नेत होते आणि अख्खा गाव ओरडत होता. आपला पोळा याच्यासमोर फार शांत.

रेणुका दिवसभर गप्प होती. एरवी म्हणे ही गाडीत बसली की खिडकीबाहेरच्या मातीचा रंग कुठे बदलला ते सांगून सगळ्यांना पिडते. आज नाही. आम्ही टोपलीसारख्या गोल होडीत बसलो. मी होडीच्या काठावर पाय सोडून बसले, माझ्या वयाला न शोभणारी गोष्ट, आणि एक चप्पल पाण्यात पडली. नवी होती. नावाडी हसला. प्रतापराव त्याला कन्नडमध्ये सांगायला लागले, धार जाते तिकडे खाली चल म्हणून.

मला माहीत होतं चप्पल कुठे जाणार. तोंड उघडलं होतं, पण मिटलं. म्हटलं, बघू.

"खाली नको अप्पा," रेणुका म्हणाली. अगदी हळू, जणू तोंडातून निसटलं. "कपिलेचं पाणी इकडून दाबतंय. म्हणून त्या काठाला पाणी उलटं फिरतंय. ती झेंडूची फुलं बघा, सगळी तिथंच गोल फिरत्यात. तिथं जाईल."

नावाड्याने वल्हं फिरवलं. वाळूच्या कडेला, लोकांनी सोडलेल्या झेंडूंच्या घोळक्यात माझी चप्पल सावकाश गोल फिरत होती.

प्रतापरावांनी ती उचलून मला दिली. मग लेकीला म्हणाले, "हे शाळेत शिकवलं?"

"नाही."

"मग?"

"बघून कळलं."

"बोर्डात विचारत्यात काय हे?"

"नाही अप्पा," ती म्हणाली. गाडी चालवताना त्यांनी एक-दोनदा मागच्या आरशात तिच्याकडे पाहिलं.

परत येलवाल

घरी येऊन कॉफी झाली. रेणुका टेबलाशी प्रश्नपत्रिका घेऊन बसली होती. त्या लहान नकाशाच्या डाव्या चौकटीला तिने बोटं टेकवली होती आणि ओठांनी मोजत होती.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"सरांच्यासारखं शिकते मावशी. तपासणारे तसंच तपासत्यात. परत तप्पु नको."

म्हैसूरच्या सगळ्या मुक्कामात मला सगळ्यात जास्त राग आला तो या क्षणी, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. तिच्या हातातली पेन्सिल हिसकावून घ्यावीशी वाटली. मी उठलेही होते. पण प्रतापराव कॉफीचा लोटा घेऊन तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"कसं करायचं ते? मला दाखव."

तिने दाखवलं. त्यांनी आपली जाड बोटं कागदावर ठेवली, डावीकडून मोजली, खालून मोजली आणि नखाने खूण केली. मग बघत राहिले.

"हे समुद्रात येतंय की."

"हौ अप्पा."

"सगळ्या क्लासचं इथंच?"

"सगळ्यांचं."

"आणि तुझं?"

तिने उत्तरपत्रिका पुढे केली. लाल फुलीखालचा ठिपका किनाऱ्यावर होता. प्रतापरावांनी लोटा खाली ठेवला. त्यांचा तो मऊ आवाज एकदम बदलला.

"अक्का, शाळेत तुम्ही हे बघितलं? ते कागद ठेवून तपासत्यात ते?"

"बघितलं. तेच सांगत होते. तुम्ही ऐकलं नाहीत."

"आमच्याकडं मापायचा गेज चुकला तर चांगला पार्ट बाहेर टाकला जातो आणि खराब पार्ट पास होतो. तसा गेज सापडला की सगळा लॉट परत तपासावा लागतो. सगळा. आणि ह्यांनी काय केलं, सगळ्याला पास शिक्का मारला?" ते मला विचारत नव्हते. "आणि मी ह्याच्यावरनं माझ्या पोरीला बाहेर टाकत होतो."

रेणुका बोटं तशीच टेकवून बसली होती. त्यांनी तिचा हात धरून कागदावरून उचलला.

"बोटं नको. आधी किनारा काढ, तुझ्या पद्धतीनं."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भूगोल कुठल्या पीयू कॉलेजात हाय, ते बघायला पायजे. तुम्ही जायच्या आधी बघून ठेवू." पीयू म्हणजे तिकडची अकरावी-बारावी. मी हो म्हटलं. सुनंदा स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत होती. रेणुका किनारा काढत होती आणि तिची पेन्सिल रामेश्वरपाशी पोचली होती.

एवढं झाल्यावर माझा राग जायला हवा होता. गेला नाही. परत आल्यावर सुनंदाचा फोन आला. प्रतापराव अर्धा दिवस रजा काढून शाळेत गेले होते, सगळ्या वर्गाचे नकाशे परत तपासा म्हणून. त्यांना सांगण्यात आलं की विषय संपला आहे, तुमच्या मुलीला पूर्ण गुण आहेत, आणखी काय हवं? त्यांनी विचारलं, बाकीच्या पोरांचं काय? मुख्याध्यापिका म्हणाल्या, त्यांच्यापैकी कुणाचीच तक्रार नाही.

नसणारच. त्यांचं चेन्नई अजून समुद्रात आहे, आणि त्याला पूर्ण गुण आहेत.